वाघबकरीचा डाव



बाहेर श्रावणाची झड लागली आहे, घरांत दोनच माणसें आहेत आणि वेळ जातां जात नाहीं. अशा वेळीं काय खेळावें, हा प्रश्न प्रत्येक घराला कधीं ना कधीं पडतोच. पत्ते काढावे, तर मेंढीकोटाला चौघे लागतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा कोणाच्या संग्रहीं असतील, तर त्या काढाव्या. एकशें वीस गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत बारा पानें. आणि मत्स्य, कूर्म, वराह अशीं नांवें उच्चारूं लागलें कीं जलचर-वनचरांची सभाच भरल्यासारखें वाटतें. परंतु तो खेळ तिघांचा. अलीकडे शहरांतील दुकानांत झाडें, पक्षी, ऋतु, रानांतले प्राणी यांचीं सुरेख चित्रें असलेले, दोघांपुरतेच पत्त्यांचे डाव परदेशांतून येऊं लागले आहेत. आमच्या घरांतील मुलांनीं मध्यंतरीं असाच एक डाव मजपुढें मांडला. चित्रें खरोखर सुंदर होतीं. नियमांची पुस्तिका मात्र पंचांगापेक्षां मोठी होती! ती वाचतां वाचतां मला मराठवाड्यांतील एका डावाची आठवण झाली. त्यांतहि रान आहे, त्यांतहि दोघेच खेळतात. पुस्तिका त्याला नाहीं, आणि खर्च म्हणाल तर कोळशाचा एक तुकडा व मूठभर चिंचोके.

त्या डावाचें नांव वाघबकरी. कोणी वाघ-शेळी म्हणतात. आजच्या भाषणांत तो कसा खेळावा हें तर मी सांगणारच आहें. पण ज्या मुलुखांत मीं तो शिकलों त्या मुलुखाबद्दल आणि एका खऱ्या वाघाबद्दलहि चार शब्द बोलणार आहें.

हिंगोली जिल्हा १९९९ च्या १ मे रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. उत्तरेस पैनगंगा, मधून वाहणारी कयाधू, दक्षिणेकडे पूर्णा. औंढ्याला नागनाथाचें प्राचीन देवालय, नरसीला नामदेवांचें स्थान. शेतांत सोयाबीन, कापूस, तूर, हळद. माळावर बाभळी, पळस आणि शेळ्या. कांहीं वर्षांपूर्वीं कामानिमित्त त्या भागांत माझें जाणें झालें असतां एका लहानशा गांवच्या देवळाच्या ओट्यावर दुपार काढण्याचा प्रसंग आला. ओट्याच्या दगडावर छिन्नीनें कोरलेल्या रेघा दिसल्या. पुष्कळ पावसाळ्यांनीं व माणसांच्या बसण्याउठण्यानें त्या गुळगुळीत झाल्या होत्या. शेजारीं एक वृद्ध गुराखी बसला होता. त्याच्या शेळ्या समोरच्या माळावर चरत होत्या. मीं विचारलें, "बाबा, हें यंत्र कसलें?" तो हंसला. म्हणाला, "यंत्र कशाचं मास्तर, वाघबकरी हाय ती. खेळता का?" मी मास्तर नाहीं, परंतु चष्मा असलेला प्रत्येक मनुष्य तिकडे मास्तरच असतो.

ज्या श्रोत्यांच्या हाताशीं कागद व पेन्सिल असेल त्यांनीं ती घ्यावी, म्हणजे पुढील वर्णन समजण्यास सोपें जाईल. एक चौरस काढा. त्यांत पांच उभ्या व पांच आडव्या रेघा अशा आंखा कीं चौरसाच्या चार कडा त्यांतच याव्या. म्हणजे सोळा लहान चौकोन होतील आणि रेघा जेथें एकमेकींस मिळतात असे पंचवीस बिंदु होतील. आतां मोठ्या चौरसाचे दोन कर्ण काढा. नंतर चारहि बाजूंचे मध्यबिंदु तिरप्या रेघांनीं जोडा. झाला पट तयार. यांत सोंगट्या चौकोनांत बसत नाहींत, बिंदूंवर बसतात. या बिंदूंनाच घर म्हणतात.

सगळीं घरें सारख्या योग्यतेचीं नाहींत, हें येथेंच ध्यानांत घ्यावें. मधलें घर आणि त्याच्या चार तिरप्या दिशांचीं चार घरें, अशा पांच ठिकाणांहून आठ वाटा फुटतात. त्यांच्या अगदीं शेजारचीं चार घरें मात्र चारच वाटांचीं. तेथून तिरपें जातां येत नाहीं. बाजूंच्या मध्यांवर पांच वाटा, कोपऱ्यांवर तीन, आणि कोपऱ्याला लागून कडेवर जीं आठ घरें आहेत त्यांनाहि तीनच. एकंदर पटावर दोन शेजारी घरांना जोडणारे छप्पन्न दुवे आहेत. नवशिक्या घरें पाहतो आणि जाणता वाटा पाहतो. मी पहिला डाव वाघांच्या हातून सपाट हरलों, तेव्हां गुराखीबाबा म्हणाला होता, "तुमी शेळ्या मोजू लालात मास्तर, वाघाच्या वाटा मोजा." तेव्हां मला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता.

वाघ व शेळ्या यांची संख्या गांवोगांव बदलते. सर्वांत प्रचलित पद्धतींत चार वाघ व वीस शेळ्या असतात. नेपाळांत हाच खेळ 'बाघचाल' या नांवानें राष्ट्रीय प्रेमाचा विषय झाला आहे आणि तेथेंहि हीच संख्या आहे. चार वाघ प्रारंभींच चार कोपऱ्यांत बसतात. वाघांसाठीं मोठे खडे घ्यावे आणि शेळ्यांसाठीं चिंचोके, बांगड्यांचे तुकडे, हरभरे, जें मिळेल तें. शेळ्या सुरुवातीस पटाबाहेर हातांत असतात. शेळ्यांचा खेळाडू एका वेळीं एक शेळी कोणत्याहि मोकळ्या घरीं ठेवतो. मग एक वाघ हलतो. मग दुसरी शेळी येते. वीसहि शेळ्या उतरेपर्यंत पटावरली एकहि शेळी जागची हलूं शकत नाहीं. सगळ्या उतरल्या म्हणजे मग त्या रेघेनें एक घर चालूं लागतात. वाघाला हें बंधन नाहीं. तो पहिल्यापासून फिरतो. शेजारच्या घरांत शेळी असेल आणि त्याच सरळ रेघेंत तिच्या पलीकडचें घर मोकळें असेल, तर तो तिच्यावरून उडी घेऊन पलीकडे उतरतो आणि शेळी उचलली जाते. दोन शेळ्या एकापाठीमागें एक असतील तर उडी चालत नाहीं. वाघ वाघावरूनहि उडी मारीत नाहीं. पांच शेळ्या खाल्ल्या कीं वाघ जिंकले. चारहि वाघांना हलतां येईनासें झालें कीं शेळ्या जिंकल्या. नियम इतकेच.

बुद्धिबळांत दोन्ही सैन्यें सारखीं असतात. राजास राजा, हत्तीस हत्ती. येथें तसें कांहीं नाहीं. एका बाजूस चार जण, बळकट, चपळ व उपाशी. दुसऱ्या बाजूस वीस जणी, ज्यांच्यापाशीं मारण्याचें एकहि हत्यार नाहीं. शेळी वाघाला कधींच मारूं शकत नाहीं. तिला एवढेंच करतां येतें कीं योग्य जागीं उभें राहावें. दोन्ही पक्षांचीं उद्दिष्टेंहि निराळीं आहेत, म्हणून एकाच बैठकींत एकदां वाघ व एकदां शेळ्या घेऊन खेळावें, तरच खेळाडूची परीक्षा होते. शिवाय यांत फांसा नाहीं, झांकलेला हात नाहीं. पत्त्यांत हरलेल्या मनुष्याला पानें वाईट आलीं असें म्हणतां येतें. वाघबकरींत सगळें उघड्यावर असतें, त्यामुळें ती सोय नाहीं. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ केवळ एवढ्याच कारणास्तव हा खेळ खेळत नाहींत.

आतां थोडें डावपेचांविषयीं. पहिली शेळी कोठें ठेवावी? पट मोकळा आहे, वाघ कोपऱ्यांत आहेत, एकवीस घरें रिकामीं आहेत. त्यांपैकीं बारा घरें अशीं आहेत कीं तेथें ठेवलेली शेळी लगेच्या चालींत गेलीच म्हणून समजा. कोपऱ्याला लागून असलेलीं कडेचीं आठ, आणि कोपऱ्यापासून तिरपें एक पाऊल आंत असलेलीं चार. राहिलीं नऊ. त्यांतहि बाजूंच्या मध्यावरील चार घरें जाणते लोक पसंत करतात, आणि त्याचें कारण सोपें आहे. कडेवर उभ्या असलेल्या शेळीवर वाघ आंतून बाहेर उडी मारूं शकत नाहीं, कारण बाहेर उतरायला घरच नाहीं. तिला भय केवळ कडेच्या रेघेनें डावीकडून वा उजवीकडून. कोपऱ्यांतील शेळीला तर कसलेंच भय नाहीं. म्हणून शेळ्यांनीं आधीं कडा धरावी आणि मग पाठीला पाठ लावून आंत सरकावें. मधल्या त्या आठ वाटांच्या घराचा मोह नवशिक्याला फार पडतो. तेथें एकटी शेळी ठेवणें म्हणजे बाजाराच्या चौकांत तिला बांधून येणें आहे.

शेळ्यांचा वेढा किती शेळ्यांत पुरा होतो, याचा हिशेब मोठा मौजेचा आहे. कोपऱ्यांत बसलेल्या एका वाघाला तीन वाटा. त्या तीन घरांत तीन शेळ्या हव्यात, आणि त्यांच्यावरून उडी मारतां येऊं नये म्हणून त्यांच्या पाठीशीं आणखी तीन. म्हणजे एका वाघाला सहा. चार वाघ चार कोपऱ्यांत असतील तर चोवीस लागतील असें वाटतें. परंतु कांहीं शेळ्या दोन-दोन वाघांच्या वेढ्यांत आणि मधली एक चौघांच्याहि वेढ्यांत उपयोगी पडते. प्रत्यक्ष मांडून पाहाल तर सतरा पुरतात. वीसांपैकीं तीन गमावूनहि हा वेढा घालतां येतो. उलट चारहि वाघ एकाच कोपऱ्यांतल्या एका लहान चौकोनावर दाटीवाटीनें बसले, तर केवळ दहा शेळ्या त्यांना जेरीस आणतात, कारण वाघच वाघाची वाट अडवतो. यावरून वाघांच्या खेळाडूनें काय करूं नये हें निराळें सांगावयास नको. वाघांनीं विखरून राहावें, शेळ्यांनीं एकत्र राहावें. शेळ्यांचा खेळाडू अधीर झाला कीं एखादी शेळी पुढें निघते, आणि डाव तेथेंच फिरतो.

हा खेळ आपल्या एकट्यांचा नव्हे. हिंगोलीहून पूर्वेस फार दूर न जातां तेलुगु मुलूख लागतो. तिकडे 'पुलि-मेक' आहे, आणि तामिळ लोकांत 'आडु-पुलि आट्टम'. त्यांचा पट चौरस नसून डोंगराच्या आकाराचा, त्रिकोणी असतो. घरें तेवीस, वाघ तीन व शेळ्या पंधरा. युरोपांत वाघाच्या जागीं कोल्हा आला आणि शेळ्यांच्या जागीं हंस. ज्या प्रदेशांत ज्याचें भय, त्याचा खेळ. एकोणिसाव्या शतकांत औरंगाबादेंतील, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांतील, हरिकृष्ण नांवाच्या पंडितांनीं 'बृहज्ज्योतिषार्णव' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत 'क्रीडाकौशल्य' या नांवाचें एक प्रकरण केवळ पटावरच्या व पत्त्यांच्या खेळांना वाहिलेलें आहे. ज्योतिषाच्या ग्रंथांत खेळांना स्थान देणारा हा मनुष्य खचित रसिक असला पाहिजे.

खेळ सोपा दिसतो म्हणून तो पोरकट आहे असें मात्र कोणी समजूं नये. लिम यू जिन व युर्ग नीवर्गेल्ट या दोन संगणकशास्त्रज्ञांनीं चार वाघ व वीस शेळ्यांच्या या डावाचा पुरा छडा लावण्याचें मनावर घेतलें. शेळ्या उतरून झाल्यावर पटावर ज्या मांडण्या संभवतात, त्यांतील एकमेकींच्या केवळ प्रतिबिंबासारख्या असलेल्या मांडण्या वगळूनहि त्यांना आठ कोटी ब्याऐंशी लक्ष साठ हजार नऊशें बहात्तर निरनिराळ्या मांडण्या सांपडल्या. त्या सगळ्या त्यांनीं यंत्राकडून तपासून घेतल्या. शेळ्या उतरविण्याचा भाग याहूनहि बिकट होता. अखेर २००९ मध्यें त्यांचा निबंध ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा कीं, दोन्ही बाजूंनीं एकहि चूक झाली नाहीं तर हा डाव बरोबरींत सुटतो. वाघ जिंकत नाहीं आणि शेळ्याहि जिंकत नाहींत. कोण्या अज्ञात माणसानें, हातांत गणिताचें कांहीं साधन नसतां, चार व वीस ही संख्या इतकी तोलून कशी ठरविली असेल, याचें मला राहून राहून नवल वाटतें. बहुधा एका माणसानें ठरविली नसेलच. पिढ्यान्‌पिढ्या खेळतां खेळतां ती घासून नेमकी झाली असेल.

येथपर्यंत खेळांतला वाघ झाला. गुराखीबाबाला मीं सहज विचारलें होतें कीं, तुमच्या भागांत खरा वाघ आहे का? त्यानें मान हलविली. लांडगे आहेत, ते शेळी नेतात. वाघ मात्र आज्याच्या गोष्टींत. त्याच्या माळावरला वाघ दगडावरच्या रेघांत तेवढा उरला होता.

आणि मग २०१९ सालीं खरा वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत एका तरुण वाघाच्या गळ्यांत त्या वर्षीं फेब्रुवारींत रेडिओचा पट्टा बांधण्यांत आला होता. जूनमध्यें तो आपलें जन्मस्थान सोडून निघाला. तेथें जागा थोडी व वाघ पुष्कळ. तरुण नराला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. पैनगंगेचें अभयारण्य, तेलंगणांतील आदिलाबाद, पुन्हां महाराष्ट्रांत नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असा कधीं पुढें, कधीं मागें जात तो डिसेंबराच्या सुमारास बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. पहिल्या पांच महिन्यांतच सुमारें तेराशें किलोमीटरांची वाट त्यानें तुडविली, आणि पुढील भटकंती धरून हा आंकडा तीन हजारांपर्यंत गेला. त्याला 'वॉकर' असें नांव पडलें. पट्ट्यावरून त्याच्या पांच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद झाली.

ती वाट नकाशावर पाहिली तेव्हां मला एकदम तो दगड आठवला. वाघ मन मानेल तसा चालत नव्हता. नदीनाल्यांचे काठ, कालवे, झुडपांच्या पट्ट्या, उभ्या पिकांची शेतें, ह्या त्याच्या रेघा. आणि बहुतेक चाल रात्रीची. पाऊसकाळांत कापूस व तूर माणसाच्या उंचीला येते, तेव्हां त्या शेतांतून वाघ गेला तरी बांधावरच्या माणसाला पत्ता लागत नाहीं. रेघ जेथें तुटते, तेथें वस्ती किंवा डांबरी रस्ता. अशा ठिकाणीं तो अडखळे, मागें फिरे, दुसरी वाट शोधी. खाण्यासाठीं त्यानें रानडुकरें मारलीं, कांहीं जनावरेंहि मारलीं. इतक्या प्रवासांत एकहि मनुष्य त्यानें मारला नाहीं. एकदां मात्र तो झुडपांत विसावला असतां माणसांचा एक घोळका तेथें शिरला आणि त्यांतला एकजण जखमी झाला. एप्रिल २०२० मध्यें त्याचा पट्टा काढून घेण्यांत आला. ज्ञानगंगा अभयारण्य सुमारें दोनशें पांच चौरस किलोमीटरांचें आहे. तेथें त्याला भक्ष्य मिळालें, पाणी मिळालें, पण जोडीदारीण नव्हती.

शहरांतल्या आपल्यासारख्यांना या हकीकतीचें कौतुक वाटतें, आणि तें साहजिक आहे. परंतु ज्याच्या दारांत चार शेळ्या आहेत त्याचा विचार करा. शेळी म्हणजे त्याची पेढी. मुलीचें लग्न, औषधपाणी, बियाणें, जेव्हां पैशाची नड पडते तेव्हां एक शेळी बाजारांत जाते. वन्य प्राण्यानें जनावर मारलें तर सरकार भरपाई देतें. पण तिच्यासाठीं पंचनामा व्हावा लागतो, कागद पुढें सरकावे लागतात, आणि नड तोंवर थांबत नाहीं. वाघाला वाट हवी हें मला पटतें. ती वाट ज्यांच्या शेतांतून जाते त्यांची शेळी भरून देण्याची घाई मात्र आपण वाघाच्या छायाचित्राइतकी करीत नाहीं, हें मला सलतें. पटावर शेळी खाल्ली गेली कीं चिंचोका बाजूला ठेवतात आणि पुढल्या डावाला तो पुन्हां उतरतो. माळावर तसें होत नाहीं.

दोन वर्षांनीं त्याच गांवावरून जाण्याचा योग आला. मी मुद्दाम गाडी थांबवून देवळाकडे गेलों. ओटा नवा झाला होता. लोकांनीं वर्गणी काढून चकचकीत फरशी बसविली होती आणि जुने दगड कोठें तरी भरावाला गेले होते. कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. देवाचें काम म्हणून श्रद्धेनेंच तें केलेलें होतें. रेघांचा तो दगड कोणाच्या ध्यानांतहि राहिला नव्हता. नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेले अनेक जुने खेळांचे पट सांपडल्याचें आपण वाचतों आणि अभिमान बाळगतों. पण लेणें राखणारें खातें आहे, गांवच्या ओट्याला तसा कोणी धनी नाहीं. जीर्णोद्धार करणाऱ्या मंडळींनीं जुने दगड उचलण्यापूर्वीं त्यांवर रेघा आहेत का एवढें पाहावें, आणि असल्यास तेवढा दगड पारावर किंवा शाळेच्या अंगणांत बसवावा. याला खर्च नाहीं.

गुराखीबाबा भेटला. थकला होता. मीं दगडाची गोष्ट काढली तर तो फारसा हळहळला नाहीं. खिशांतून कोळसा काढला आणि त्या नव्या गुळगुळीत फरशीवरच रेघा ओढूं लागला. पुजारी ओरडेल म्हणून मीं भीति घातली, तर म्हणाला, "पुजारीच खेळतो की सांजच्याला. मग पुसून टाकतो." या वेळीं मीं शेळ्या घेतल्या, कडा धरली, घाई केली नाहीं. अठरा शेळ्या उतरल्या तोंवर माझी एकच गेली होती आणि त्याचे दोन वाघ कोपऱ्यांत कोंडले होते. तेवढ्यांत माळाकडून आरडाओरडा ऐकूं आला. त्याच्या खऱ्या शेळ्या कोणाच्या तरी हरभऱ्यांत शिरल्या होत्या. काठी उचलून तो पळत सुटला, आणि डाव तसाच राहिला.